गल्लीतलं काम महापालिकेच्या अंदाजपत्रकात आणायचं कसं, आणि आल्यावर पुरं करून घ्यायचं कसं

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दर पावसाळ्यात पाणी तुंबायचं. पहिली दोन वर्षं आम्ही सगळे करतात तेच केलं. जुलैत फोटो काढले, ऑनलाइन तक्रार टाकली, टोकन नंबर मिळाला, आठ दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’ असा मेसेजही आला. निराकरण म्हणजे दोन माणसं बांबू घेऊन आली आणि जाळीत अडकलेल्या पिशव्या काढून गेली. तिसऱ्या वर्षी मी स्वतः क्षेत्रीय कार्यालयात जाऊन बसलो. कनिष्ठ अभियंता तरुण होता, कंटाळलेला होता, पण सरळ बोलला. “काका, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण तिथे पावसाळी लाइनच नाहीये, तर साफ काय करणार? नवीन टाकावी लागेल. आणि त्याला हेड नाही.”

हेड म्हणजे अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष, ज्याच्या समोर कामाचं नाव आणि रक्कम लिहिलेली असते. ती ओळ नसेल तर आयुक्तांना मनापासून वाटलं तरी नवीन गटार होत नाही. तक्रार आपल्याला पावसाळ्यात सुचते, ती ओळ मात्र थंडीच्या दिवसांत लिहिली जाते. हे कळेपर्यंत आमचे तीन पावसाळे गेले आणि काम होईपर्यंत एकूण पाच. तुमचे एवढे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

मी जे सांगतोय ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू असलेल्या शहरांबद्दल आहे. मुंबईला स्वतंत्र १८८८ चा कायदा आहे आणि नगरपरिषदा-नगरपंचायतींना १९६५ चा. पदांची नावं बदलतात, आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी येतात, पण पैशाची वाट साधारण तीच.

१. जागा कोणाची ते आधी बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात. शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, काही राष्ट्रीय महामार्गात, काही एमआयडीसी किंवा म्हाडाच्या वसाहतीत, काही प्राधिकरणाकडे. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे बिल्डरने पाडलेला पण महापालिकेकडे हस्तांतरित न झालेला लेआउटमधला रस्ता. तीस वर्षं लोक त्यावरून येजा करतात, मालमत्ता कर भरतात, पण कागदावर तो खासगीच असतो. अशा जागेवर खर्च टाकला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून अभियंता हातच लावत नाही. तुमचं तसं असेल तर आधी हस्तांतराचं प्रकरण. गटार त्यानंतर.

विकास आराखड्यात रस्ता दाखवलाय का, हे बांधकाम परवानगी किंवा नगररचना विभागात कळतं. सोसायटीच्या मंजूर नकाशावरही बघता येतं.

जागा महापालिकेचीच निघाली तर पुढचा प्रश्न, खातं कोणतं? पावसाचं पाणी वाहून नेणारी लाइन आणि मैलापाणी नेणारी लाइन या दोन वेगळ्या. पुष्कळ ठिकाणी त्यांचे विभागही वेगळे असतात. पथ विभागाला लिहिलेलं पत्र मलनिस्सारणकडे पोचायला कधीकधी एक अख्खा हंगाम लागतो. झाकण उचलून बघा. वास आला तर ड्रेनेज, पाला-वाळू दिसली तर पावसाळी. दोन्ही एकत्र दिसलं, आणि ते बऱ्याचदा दिसतं, तर कुणीतरी चुकीचं कनेक्शन जोडलंय. ते अर्जात जरूर लिहा.

२. देखभाल की नवीन काम?

अंदाजपत्रकाचे दोन भाग असतात, महसुली आणि भांडवली. खड्डे बुजवणं, गाळ काढणं, दिवे बदलणं, झाडलोट, पगार, वीजबिल हे महसुली. नवीन लाइन, नवा रस्ता, टाकी, पूल हे भांडवली.

याचा उपयोग असा की देखभालीच्या कामासाठी अंदाजपत्रकाच्या मागे लागायची गरज नाही. क्षेत्रीय कार्यालयाकडे वर्षभराचा ठेका आधीच दिलेला असतो. तिथे जाऊन विचारायचं, यंदाची वार्षिक निविदा कोणत्या ठेकेदाराकडे आहे, मुदत कधीपर्यंत आहे, आणि त्यात आमची गल्ली येते का? हे तीन प्रश्न विचारले की समोरच्याला कळतं, हा माणूस नुसता ओरडायला आलेला नाही. खड्ड्यासाठी एवढं पुरतं.

नवीन काम असेल तर पुढे वाचा.

३. अंदाजपत्रक उघडून बसा

बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळावर अंदाजपत्रकाची पीडीएफ असते. शेकडो पानं. घाबरू नका, सगळं वाचायचं नसतं.

आधी आयुक्तांचं निवेदन वाचा. त्यात जमेची बाजू असते: मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीतून येणारं विकास शुल्क, मुद्रांक शुल्काचा अधिभार, वित्त आयोगाचं अनुदान, आणि जीएसटीपोटी राज्याकडून येणारी भरपाई. ही भरपाई आता मोठा आधार आहे. पूर्वी जकात होती, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर स्वतःच्या हातातली ती कमाई संपून महापालिका दरमहा राज्याच्या हप्त्याकडे डोळे लावून बसू लागल्या. विकास शुल्काचं तसं नाही. बांधकाम व्यवसाय थंडावला की ते घसरतं. आणि जमा घसरली की कात्री कुठे लागते? पगार थांबवता येत नाही, कर्जाचा हप्ता थांबवता येत नाही, कचऱ्याच्या गाड्यांचं डिझेल थांबवता येत नाही. थांबतं ते तुमच्या गल्लीतलं भांडवली काम.

मग आपल्या विभागाच्या पानावर या. तिथे रकाने साधारण असे असतात: कामाचं नाव, गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. सगळे शेवटचा रकाना बघतात, कारण बातम्यांत तोच येतो. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं, असा आकडा छापून येतो तो या शेवटच्या रकान्याची बेरीज. तुम्ही पहिला रकाना बघा. एखाद्या हेडवर दरवर्षी पाच कोटी लिहितात आणि प्रत्यक्ष खर्च सव्वा कोटीच होतो, असं दिसलं तर ते हेड शोभेचं आहे. तिथे तुमचं काम घुसवून फायदा नाही.

आणि हो, टोकन तरतूद ओळखायला शिका. आमच्या कामाचं नाव पहिल्यांदा अंदाजपत्रकात आलं तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले होते. काम साधारण बारा लाखांचं, समोर रक्कम १ लाख. मला वाटलं, चला, सुरुवात तर झाली. टोकन म्हणजे फक्त नाव जिवंत ठेवणं. त्या वर्षी एक फावडंही लागत नाही. पेढे वाया गेले. नाव मात्र वाया गेलं नाही, कारण पुढच्या वर्षी पूर्ण रक्कम मागताना ‘हे काम अंदाजपत्रकात आहेच’ असं म्हणता आलं.

४. महिने पाठ करा

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. ३१ मार्चच्या आत अंदाजपत्रक मंजूर व्हावं लागतं, आणि पुढच्या वर्षीचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत असं कायदाच सांगतो. म्हणून आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आपला मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात भर घालते आणि तो महासभेपुढे जातो. आयुक्तांच्या मसुद्यासाठी खात्यांकडून आणि क्षेत्रीय कार्यालयांकडून मागण्या जातात त्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये.

म्हणजे तुमचा अर्ज गणपती उठल्यावर लगेच आत गेला पाहिजे. दिवाळीनंतर दिला तरी चालून जाईल, पण नशिबावर. फेब्रुवारीत दिलेला अर्ज पुढच्या वर्षाच्या फायलीत जातो, म्हणजे बहुधा कुठेच जात नाही.

पुण्यात याला एक सोयीची वाट आहे. तिथल्या महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून थेट कामं सुचवून घेणं सुरू केलं. क्षेत्रीय कार्यालयात ठरावीक मुदतीत अर्ज द्यायचा, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवायचं. बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवे, बसथांबा अशा गोष्टींसाठी हे झकास आहे. मोठ्या कामाचे पाच-पाच लाखांचे तुकडे करून सुचवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तुकडे पाडणं हा लेखापरीक्षणातला जुना आक्षेप आहे, शिवाय अर्धी लाइन पडून राहिली तर पाणी तुमच्याऐवजी शेजारच्या गल्लीत तुंबेल.

५. अर्ज

आमचा पहिला अर्ज दोन पानी होता. त्यात नागरिकांचे हाल, ज्येष्ठांची गैरसोय, डेंग्यू, प्रशासनाची उदासीनता, सगळं होतं. कुठून कुठपर्यंत किती मीटर लाइन हवी, एवढं सोडून. कनिष्ठ अभियंत्याने तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाला, “काका, मला यातून एस्टिमेट करता आलं पाहिजे.” एस्टिमेट म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, सरकारी भाषेत पूर्वगणनपत्रक. मग आम्ही एका रविवारी सुतारकामाची टेप घेऊन गल्ली मोजली. १४० मीटर भरली. दुसरा अर्ज असा गेला:

“विषय: अमुक प्रभागातील अमुक चौक ते अमुक नाला या दरम्यान पावसाळी वाहिनी टाकण्यासाठी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद करणेबाबत.

महोदय, वरील रस्ता विकास आराखड्यातील असून महापालिकेच्या ताब्यात आहे. रस्त्याची लांबी १४० मीटर आहे. उतार चौकाकडून नाल्याकडे आहे. सध्या पावसाळी वाहिनी अस्तित्वात नाही. गेल्या तीन पावसाळ्यांत चौकात दीड फूट पाणी साचल्याच्या तक्रारींचे क्रमांक सोबत जोडले आहेत. रस्त्याखाली पाण्याची लाइन डाव्या बाजूने जाते. स्थळपाहणीवेळी आम्ही हजर राहू. सदर कामाचे पूर्वगणनपत्रक तयार करून पूर्ण रकमेची तरतूद व्हावी, ही विनंती.”

सोबत हाताने काढलेला नकाशा, चार फोटो, पंचवीस सह्या. बस्स. जुन्या तक्रारींचे टोकन नंबर इथे कामाला येतात, म्हणून ते मेसेज डिलीट करू नका.

एक सल्ला, जो मला उशिरा मिळाला. रस्ता काँक्रीटचा करून मागत असाल तर त्याच अर्जात पाणी आणि ड्रेनेजच्या लाइन किती जुन्या आहेत ते विचारा. आधी रस्ता आणि मग लाइन असा उलटा क्रम आपल्याकडे इतका सवयीचा झालाय की लोकांना तो विनोद वाटतो. नव्या काँक्रीटवर ब्रेकर चालताना पाहिला की विनोद वाटत नाही.

अर्ज आवक-जावक टेबलावर द्या, म्हणजे जुन्या भाषेत बारनिशीत. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. साहेबांच्या हातात दिलेला अर्ज हा कायद्याने अर्जच नाही असं नाही, पण तो शोधून काढणं तुमच्या नशिबी येतं. एक प्रत क्षेत्रीय अधिकाऱ्याला, एक संबंधित खात्याच्या कार्यकारी अभियंत्याला. आयुक्तांना, पालकमंत्र्यांना आणि मुख्यमंत्र्यांना प्रती पाठवायची हौस आवरा. त्या सगळ्या फिरून त्याच कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर येतात आणि तो वैतागतो.

६. नगरसेवक

मुंबईत एका वॉर्डाचा एक नगरसेवक असतो. बाकी महापालिकांत साधारण चार जणांचा प्रभाग असतो आणि ते चौघं आपापसांत भाग वाटून घेतात. तुम्ही एकाकडे गेलात की तो म्हणतो, “तो भाग त्यांच्याकडे आहे.” कायद्यात अशी वाटणी नाही. अ, ब, क, ड या जागा आरक्षणापुरत्या, प्रतिनिधित्व चौघांचं अख्ख्या प्रभागाचं. म्हणून एकच पत्र चौघांच्या नावे लिहा आणि चौघांची पोच एकाच कागदावर घ्या. तो कागद नंतर फार बोलका ठरतो.

नगरसेवकाकडे दोन गोष्टी मागता येतात. त्याच्या वाट्याच्या यादीत काम घालणं, पुण्यात या यादीला ‘स’ यादी म्हणतात, आणि स्थायी समितीत किंवा महासभेत त्यासाठी उपसूचना देणं. पहिली सोपी, दुसरी जास्त टिकाऊ. यादीतला पैसा बाकांवर, कमानींवर आणि नामफलकांवर पटकन संपतो. जमिनीखालच्या पाइपावर नाव लिहिता येत नाही ना!

२०२२ पासून बहुतेक शहरांत प्रशासक होते, नगरसेवक थेट जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर आले. त्या काळात अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. आमचं काम त्याच काळातलं. खरं सांगायचं तर फाइल तेव्हा वेगाने फिरली, पण ती अडली तेव्हा विचारायचं कुणाला, हेही कळत नव्हतं.

७. तरतूद झाली. आता कार्यादेशापर्यंत

एप्रिलमध्ये ओळ आली, रक्कम पूर्ण आली. लोक इथे निवांत होतात. फाइलला मात्र अजून कितीतरी टेबलं पार करायची असतात.

अभियंता पूर्वगणनपत्रक, म्हणजे एस्टिमेट, दरसूचीप्रमाणे बनवतो. त्याला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता लागते. मग निविदा महाटेंडर्सच्या पोर्टलवर जाते. दर उघडतात, ज्याचा कमी त्याचा विचार होतो, स्थायी समितीची मान्यता लागत असेल तर ती घेतली जाते, करारनामा, अनामत, आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. पावसाळ्यात खोदाई बंद असते. तेव्हा हे कागद जून ते सप्टेंबरमध्ये पुरे झाले तरच दिवाळीनंतर जेसीबी दिसतो. ऑगस्टमध्ये एकदा जाऊन “निविदा लागली का?” एवढं विचारून या.

निविदा ‘तीस टक्के बिलो’ गेली असं ऐकलं तर खूश होऊ नका. दरसूचीपेक्षा इतक्या खाली जाणाऱ्या ठेकेदाराकडून जादा अनामत घेण्याची पद्धत आहे, पण तो तीस टक्के कुठून भरून काढणार, हे जमिनीखाली ठरतं.

आणि मग वर्गीकरण. एका हेडची रक्कम दुसऱ्या हेडकडे वळवण्याला वर्गीकरण म्हणतात. ते नियमात बसतं आणि कधीकधी गरजेचंही असतं. एखादी लाइन फुटली आणि पैसे नसले तर आणणार कुठून? पण वर्षाच्या उत्तरार्धात जी कामं सुरू झालेली नसतात त्यांच्यावर पहिली नजर पडते. आमच्या बारा लाखांतले सात लाख डिसेंबरात वळवायचा प्रस्ताव होता, हे आम्हाला योगायोगाने कळलं. विषयपत्रिकेवर तो होता, संकेतस्थळावर टाकलेलाही होता, आम्हीच बघत नव्हतो. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली अर्जाची प्रत घेऊन गेलो, निविदा उघडल्याचा पुरावा दाखवला, आणि प्रस्तावातून आमचं काम वगळलं गेलं. तेव्हापासून मी दर महिन्याला विषयपत्रिकेत ‘वर्गीकरण’ हा शब्द शोधतो.

३१ मार्चला न खर्चलेली तरतूद संपते. काम चालू असेल तर पुढच्या वर्षात ते दायित्व म्हणून दाखवावं लागतं. फेब्रुवारी उलटला आणि काम अर्धंच असेल, तर ‘दायित्वात घेतलंय ना’ हा प्रश्न लेखी विचारा.

८. काम चालू असताना

कार्यादेश निघाला की त्याची आणि एस्टिमेटची प्रत मागून घ्या. वाचायला जड वाटतं, पण आत साध्याच ओळी असतात. आमच्यात होतं: ३०० मि.मी. व्यासाचे एनपी-३ प्रतीचे आरसीसी, म्हणजे सळईच्या काँक्रीटचे, पाइप, १४० रनिंग मीटर, चेंबर, ७ नग, खोदाई, घनमीटरमध्ये, पाइपाखाली काँक्रीटचं बेडिंग.

असा एक पाइप अडीच मीटरचा असतो. १४० भागिले अडीच, ५६ पाइप. ट्रक रिकामा झाला तेव्हा आमच्या इमारतीतले एक निवृत्त पोस्टमास्तर खुर्ची टाकून बसले आणि मोजले. ४८ भरले. म्हणजे १२० मीटर. गल्लीत कुजबुज सुरू झाली, कुणी तर व्हॉट्सॲपवर ‘भ्रष्टाचार’ असं लिहूनही टाकलं. मी अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला, शेवटच्या वीस मीटरमध्ये पाण्याची मोठी लाइन आडवी येतेय, तिथे जुन्या कल्व्हर्टलाच, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीला, जोड देतोय, बिलही १२० चंच होणार. आणि खरोखर तसंच झालं. मोजणी करा, पण आकडा चुकला की आधी विचारा. आरोप नंतरही करता येतात.

खरी गोम पाइपांत नसते. ते वर दिसतात, मोजता येतात. ती खोदाईत असते, कारण चर बुजला की खोली कुणी पाहिलेली नसते. साधा हिशेब बघा. चर १२० मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, १.२ मीटर खोल असेल तर १२९.६ घनमीटर. तोच मोजमापात १.५ मीटर खोल लिहिला तर १६२ घनमीटर. तीस सेंटिमीटरच्या फरकाने बत्तीस घनमीटर माती कागदावर उकरली जाते. म्हणून पाइप उतरवण्याआधी, चर उघडा असताना, कुणालातरी आत उभं करून टेप सरळ धरा आणि फोटो काढा. दर पंधरा-वीस मीटरवर एक. फोटोत मागे ओळखू येईल असं दार किंवा खांब यायला हवा, नाहीतर तो कुठला चर हे सिद्ध करता येत नाही.

चेंबर झाल्यावर वरच्या चेंबरमध्ये दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि खालच्या चेंबरशी उभे राहा. पाणी आलं तर ढाळ आहे. मधेच मुरलं किंवा साठलं तर त्याच दिवशी सांगा, कारण माती टाकून वर डांबर झाल्यावर कुणी उकरत नाही. एवढी एक चाचणी केली तरी पुष्कळ.

मजुरांशी वाद घालू नका. त्यांच्या हातात काही नसतं. चहा द्या, ते स्वतःहून सांगतात कुठे काय कमी पडलंय.

९. कागद बघायचा हक्क

बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेवरून, कार्यालयात तिला ‘एमबी’ म्हणतात. कनिष्ठ अभियंता नोंदी करतो, वरचे तपासतात. ती बघायला मिळते. दोन वाटा आहेत.

पहिली बिनखर्चाची. राज्य सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं पाहता येतात. काही ठिकाणी विचारलं तर “असं काही नसतं” असं ऐकू येईल. निर्णयाची प्रत खिशात ठेवा, आवाज चढवायची गरज पडत नाही.

दुसरी वाट माहिती अधिकार कायद्याची. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळे निबंध लिहू नका. ‘काम का झाले नाही’ असा प्रश्न विचारलात तर ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येईल. कागद मागा: अमुक कामाची एमबी, एस्टिमेट, कार्यादेश, चालू व अंतिम देयकं आणि गुणवत्ता चाचणी अहवाल. या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फारच थोडे लोक वापरतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाकडे वेळ लागतो. म्हणून आधी सोमवार.

१०. दोषदायित्व कालावधी

काम संपल्यावर ठरावीक काळ दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराचीच असते, फुकट. तो काळ निविदेत लिहिलेला असतो आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव महापालिकेकडे अडकलेली असते. कार्यालयात याला ‘डीएलपी’ म्हणतात. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची तारीख मिळवा, त्यात कालावधी मिळवा, आणि ती तारीख सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाण्याच्या टाकीच्या वेळापत्रकाशेजारी लावून टाका. दोष दिसला तर नेहमीच्या तक्रार ॲपवर टाकू नका. तिथून तो वार्षिक ठेक्यात जातो आणि महापालिका तुमच्याच कराच्या पैशातून ते दुसऱ्याकडून करून घेते. कार्यकारी अभियंत्याला पत्र द्या, कार्यादेशाचा क्रमांक घाला, ‘डीएलपीत दुरुस्ती करून घ्यावी’ असं स्पष्ट लिहा, आणि ठेव परत करण्याआधी संयुक्त पाहणी मागा.

आमच्या लाइनचा कालावधी अजून संपलेला नाही. तीन नंबरच्या चेंबरचं झाकण एका बाजूने बोटभर खचलंय. पोस्टमास्तरांनी टेप लावून फोटो काढून ठेवलाय, पत्र सोमवारी द्यायचंय.